वाघाची लेन्स नाटकाला नको

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या फोटोग्राफर मंडळींत गेल्या काही वर्षांत एक मत पक्कं होत चाललं आहे. ताडोबासाठी घेतलेली १५०-६०० घरात आहे ना, मग झालं. रात्रीच्या नाटकाला तीच न्या, मंडईच्या जत्रेला तीच, आदिवासींच्या रेला नृत्याला तीच. आयएसओ हवा तेवढा चढवा, घरी येऊन डीनॉइज चालवा, फोटो स्वच्छ. अंधारासाठी वेगळी लेन्स घेण्याचे दिवस गेले, असं हे मत सांगतं. ते सांगणारे नवखे नाहीत. वर्षानुवर्षं गेटवर पहाटे रांगेत उभे राहिलेले, कॅमेऱ्याची खडान्‌खडा माहिती असलेले लोक आहेत. त्यामुळे नवी पोरं त्यांचं ऐकतात, आणि म्हणूनच हे मत आकड्यांनिशी खोडायला हवं. ते तांत्रिकदृष्ट्या चूक आहेच, पण त्याहून मोठं नुकसान ते कलावंतांचं करतं.

हे मत आलं कुठून, तेही समजण्यासारखं आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि आज या भागात कॅमेरा घेणाऱ्या बहुतेकांची पहिली मोठी खरेदी वाघासाठीच असते. वाघ लांब असतो, जिप्सीतून उतरायची परवानगी नसते, सफारी मुख्यतः पहाट ते सांज या वेळात होते. तिथे ६०० मिलिमीटरची पोच हवी आणि एफ ६.३ वर भागतं, कारण सूर्य वर असतो. त्या कामासाठी ती लेन्स उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जंगलातला नियम मांडवात आणण्याबद्दल.

कारण मांडवातला उजेड वेगळा. झाडीपट्टीची रंगभूमी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यातली रात्रीची रंगभूमी. भाऊबीज झाली, मंडया भरू लागल्या, की देसाईगंज-वडसातल्या नाट्यमंडळांच्या तारखा लागायला लागतात आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत हा हंगाम चालतो. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाट व्हायला येते तेव्हा पडतो. रंगमंचापुढे वादक बसतात: ऑर्गन, तबला, अलीकडे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. प्रवेश, गाणं, लावणी, पुन्हा प्रवेश. कधीकाळी टेंभ्यांवर आणि गॅसबत्त्यांवर चाललेलं हे नाटक आता हॅलोजन आणि लाल-निळ्या एलईडीवर चालतं, पण कॅमेऱ्याच्या हिशेबाने अंधार फारसा हटलेला नाही. आपल्या डोळ्यांना तो रंगमंच झगमगता दिसतो, कारण भोवताली धानाच्या बांध्यांत मिट्ट काळोख असतो. कॅमेऱ्याला त्या काळोखाची सवय होत नाही. त्याला जेवढा उजेड आहे तेवढाच मिळतो.

आता हिशेब करू. अशा मांडवात चेहऱ्यावर बरा उजेड असताना मला साधारण एफ १.८, शटर १/२५० आणि आयएसओ ३२०० लागतो. हीच चौकट एफ ६.३ वर घ्यायची तर? ६.३ ला १.८ ने भागा, साडेतीन येतात. त्याचा वर्ग सव्वाबारा. म्हणजे लांब लेन्समधून सेन्सरवर पोचणारा उजेड सव्वाबारा पटीने कमी. तो भरून काढायला दोनच वाटा आहेत: आयएसओ ३२०० वरून जवळजवळ ४० हजारांवर न्या, नाहीतर शटर १/२० वर आणा. नट बोलताना हात हलवतो. तो हात सेकंदाला दोन मीटर वेगाने हलला, आणि हे काही फार नाही, तर १/२० सेकंदात दहा सेंटिमीटर सरकतो. १/२५० मध्ये आठ मिलिमीटर. पहिल्या फोटोत हाताच्या जागी धूर असतो, दुसऱ्यात हात असतो. लावणीची गिरकी तर विचारूच नका.

यावर उत्तर येतं: शटर नका कमी करू, आयएसओच ४० हजारांवर न्या, सॉफ्टवेअर आहे की. इथेच या मताचा पाया ढासळतो. आयएसओ उजेड वाढवत नाही. जो उजेड आला त्याच्यापासून निघालेला संकेत तो मोठा करतो. विहिरीत पाणीच नसेल तर मोटर तीनची लावा की पाचची, वर चिखलच येणार. आणि नॉइज म्हणून जो दाणेदारपणा आपल्याला दिसतो, त्यातला मोठा भाग कॅमेऱ्याच्या दोषाने येत नाही. प्रकाशाचे कण कमी पडले की त्यांच्या येण्यातला अनियमितपणा उघडा पडतो, तोच तो. संकेत आणि गोंगाट यांचं प्रमाण प्रकाशाच्या वर्गमुळाने बदलतं. सव्वाबारा पट उजेड म्हणजे साडेतीन पट स्वच्छ चित्र. उद्याचा कुठलाही महागडा सेन्सर हा हिशेब बदलू शकणार नाही, कारण हा प्रकाशाचाच स्वभाव आहे.

मग डीनॉइज काय करतं? आलेल्या दाण्यांमधून इथे काय असावं याचा अंदाज बांधतं आणि तो अंदाज रंगवतं. वाघाच्या बाबतीत तो अंदाज बऱ्यापैकी जमतो, कारण असल्या सॉफ्टवेअरला केस, पिसं, पानं ओळखायची सवय लावलेली असते. पण राजाच्या भूमिकेतल्या नटाने स्वतःच्या हाताने काढलेली भुवई, घामाने ओघळलेला रंग, नऊवारीवरच्या टिकल्या, माडिया आदिवासी बाईच्या गळ्यातल्या मण्यांच्या सरी, यांचा अंदाज यंत्राने का बांधावा? मी असे फोटो पडद्यावर मोठे करून पाहिले आहेत. मण्यांची एकेक सर वितळून शेजारच्या सरीत मिसळलेली असते. उतारवयातल्या नटाच्या कपाळावरच्या आठ्या पुसून तिथे गुळगुळीत कातडी बसलेली असते. मोबाइलवर ते छान दिसतं. पण तो त्या माणसाचा चेहरा नाही. ज्या कलेची छायाचित्रं मुळात मोजकी आहेत, तिच्या दस्तऐवजात असं बनावट कातडं घालण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

एलईडीने तर हा प्रश्न आणखी अवघड केला आहे. रंगीत सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्याचे असतात, पाव लालचे, पाव निळ्याचे. दिग्दर्शकाने खुनाच्या प्रवेशाला सगळा रंगमंच लाल केला, की पाऊणभर सेन्सर जवळपास उपाशी. म्हणजे ज्या प्रवेशात नाटक टिपेला पोचतं, नेमकं तिथेच कॅमेऱ्याला उजेडाची भूक सर्वांत जास्त. त्यात वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लपलपतात, आणि जनरेटरवर तर तो आकडाही नेमका राहत नाही. काही फोटोंत आडवे पट्टे येतात ते यामुळे. मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स असली की शटर १/१०० ठेवायचं की १/२५०, हे तुम्ही त्या दिव्यांकडे बघून ठरवू शकता. एफ ६.३ वर ठरवण्यासारखं काही उरत नाही.

‘पण लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, चार स्टॉप मिळतात!’ हा पुढचा बचाव. मिळतात, पण ते तुमच्या हाताची थरथर थांबवतात, नटाची नाही. बसलेल्या वाघाला १/२० वर धरता येतं. नाचणारी बाई १/२० वर थांबत नाही. शिवाय ऑटोफोकस. बहुतेक कॅमेरे फोकस करताना लेन्स पूर्ण किंवा बरीच उघडी ठेवतात, म्हणजे लेन्सचं मोठं अ‍ॅपर्चर फोटोच्या आधी फोकसलाही उपयोगी पडतं. एफ ६.३ ची लेन्स रात्रीच्या मांडवात पुढे-मागे चाचपडत बसते, आणि ती चाचपडते आहे तोवर प्रवेश संपतो.

एक प्रवेश सांगतो. मध्यरात्र उलटून गेलेली. मुलाला पोलीस घेऊन गेले आहेत आणि रंगमंचावर आई एकटी उरली आहे. ऑर्गनवाल्याने एक सूर धरून ठेवलाय, सोडत नाहीये. तिने पदराचं टोक दातांत धरलं, मान वर केली. डोळ्यांत पाणी आलं पण ओघळलं नाही, आणि वरच्या दिव्याचा एक ठिपका त्या पाण्यात थरथरला. मांडवातली हजारो माणसं चिडीचूप. हे सगळं अर्ध्या सेकंदाचं. पुढच्या क्षणी तिने तोंड फिरवलं आणि टाळ्या पडल्या. तो ठिपका फोटोत यायचा असेल तर शटर वेगवान हवं, फोकस डोळ्यावर हवा आणि नॉइज इतका कमी हवा की तो ठिपका दाण्यांत हरवणार नाही. पन्नास मिलिमीटर एफ १.८ मधून तो येतो. मी आणलेला आहे. १५०-६०० मधून तो कुणी आणला असेल तर मला दाखवावा, मी मनापासून बघेन.

आता मोठ्या अ‍ॅपर्चरवरचा सर्वांत जुना आक्षेप: एफ १.८ वर एक डोळा शार्प येतो आणि दुसरा नाही. हे अर्धवट ऐकलेलं ज्ञान आहे. स्टुडिओत दोन हातांवरून पोर्ट्रेट काढताना ते खरं ठरतं. मांडवात अंतर वाढतं आणि अंतराच्या वर्गाने फोकसची खोली वाढते. फुल फ्रेमवर ८५ मिलिमीटर एफ १.८ ने सहा मीटरवरून फोटो काढला तर सुमारे अर्धा मीटर खोली मिळते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर एफ १.८ ने पाच मीटरवरून काढला तर सत्तरेक सेंटिमीटर. अख्खा माणूस त्यात मावतो. चौकटीचंही तसंच. त्याच ५० ने, त्याच पाच मीटरवरून, कॅमेरा उभा धरला तर सव्वादोन मीटर उंच आणि दीड मीटर रुंद जागा दिसते; फेट्यापासून घुंगरांपर्यंत उभा नट त्यात बसतो. दोन नट समोरासमोर असतील तर एफ २.८ करा. मोठं अ‍ॅपर्चर लहान करता येतं, उलटं कधीच होत नाही.

उजेड कमी असला की आधी लेन्स बघावी, याचा दाखला सिनेमातही आहे. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटातले मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रवेश टिपायला झाइसची ५० मिलिमीटर एफ ०.७ ची लेन्स वापरली होती. ती मुळात नासासाठी बनवलेली. फिल्म डेव्हलप करताना ती थोडी जास्त धुवून संवेदनशीलता वाढवण्याची वाट त्याच्याकडेही होती आणि त्याने तीही वापरली. पण मेणबत्तीचा उजेड मेणबत्तीसारखाच दिसावा असं ज्याला मनापासून वाटलं, त्याने सुरुवात लेन्सपासून केली. फोकसची खोली इतकी कमी होती की नटांना हालचाल आवरती घ्यावी लागली. आपल्याला एफ ०.७ ची गरज नाही. एफ १.८ किंवा एफ २ ने झाडीपट्टीतली रात्र सहज निभते.

दुसरीकडे, मोठ्या शहरांतून आलेला एक सल्लाही इथे फिरत असतो: २४-७० आणि ७०-२०० एफ २.८, ही जोडी घेतल्याशिवाय रंगमंचाचे फोटो काढायलाच जाऊ नये. लेन्स चांगल्या आहेत, वाद नाही. पण त्या जोडीचा खर्च काही लाखांत जातो, आणि सिंदेवाही-नागभीडकडचा लग्नाच्या ऑर्डरींवर घर चालवणारा पोरगा तो सल्ला ऐकून नाटकाचा नाद सोडून देतो. एफ १.८ ची साधी ५० मिलिमीटर लेन्स एफ २.८ पेक्षा जवळजवळ अडीच पट उजेड आणते, वजन दीड-दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि दुकानात त्या जोडीच्या तुलनेत अगदी थोडक्यात मिळते. ताडोबातल्या शनिवार-रविवारच्या एक-दोन सफारींना जिप्सी, गाईड आणि परवाना मिळून जेवढे जातात, तेवढ्यात.

फ्लॅशबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यावर वाद असूच नये. रात्रभर जागलेल्या, डोळ्यांत काजळ घातलेल्या नटाच्या तोंडावर वाक्याच्या मध्यात फ्लॅश मारणं हा त्याचा अपमान आहे. दिवेवाल्याने रचलेला उजेडही त्यातून मरतो.

आता माझ्या मते मूळ मुद्दा. लेन्स ठरवली की फोटोग्राफरने कुठे उभं राहायचं तेही ठरून जातं. सहाशे मिलिमीटरवाला मांडवाच्या मागच्या टोकाला मोनोपॉड लावून उभा राहतो. त्याच्यामागे बसलेल्या म्हाताऱ्या बाईला रंगमंच दिसत नाही. नटांना तो कोण, कुठून आला, कशाला आला, काही माहीत नसतं. हवा तो चेहरा टिपून तो निघून जातो. पन्नासवाल्याला हे जमत नाही. त्याला आधी मंडळाच्या व्यवस्थापकाला भेटावं लागतं, गावातल्या आयोजकांची परवानगी घ्यावी लागते, वादकांच्या शेजारी जमिनीवर बसायला जागा मागावी लागते. तबलजी त्याला ओळखायला लागतो. मध्यंतरात चहा मिळतो. कुठल्या प्रवेशात नट कुठून येणार हे कुणीतरी कानात सांगतं. हे नातं फोटोत उतरतं. संदेश भंडारे यांचं ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ हे पुस्तक ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल: ते फोटो राहुटीच्या आत बसलेल्या माणसाचे आहेत.

गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडे गेलं की हा मुद्दा आणखी गंभीर होतो. रेला नाचताना बाया एकमेकींच्या कमरेत हात गुंफून फेर धरतात. ढोल वाजत असतो, पायांचा ठेका एक असतो, उजेडाला एखादा बल्ब किंवा शेकोटी. तिथे तांत्रिक उत्तर सोपं आहे: ३५ किंवा २४ मिलिमीटर, एफ १.८ किंवा २, आणि फेराच्या अगदी जवळ. लांब लेन्स तिथे आणायचीच नाही, आणि त्याला उजेडाइतकंच दुसरंही कारण आहे. झाडाआडून सहाशे मिलिमीटरने टिपलेल्या माडिया मुलीला आपला फोटो निघाला हेच कळत नाही. वाघाची परवानगी कुणी घेत नाही, ती सवय हाताला लागलेली असते, आणि लेन्सबरोबर ती सवयही गावात येते. आदिवासींच्या वाट्याला न विचारता काढलेले फोटो आधीच पुष्कळ आले आहेत. कॅलेंडरांवर आले, सरकारी पत्रकांवर आले, स्पर्धांच्या भिंतींवर आले, आणि ज्यांचे ते होते त्यांच्या घरात एकही पोचला नाही. ३५ मिलिमीटर घेऊन दीड मीटरवर उभा असलेला माणूस लपू शकत नाही. त्याला नको म्हणता येतं. त्याच्याकडे बघून हसता येतं, पाठ फिरवता येते. गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, अंगणात कॅमेरा काढायचा की नाही हे गावाने ठरवायचं असतं, आणि ते विचारण्याइतकं जवळ जायला लावणारी लेन्स मला जास्त प्रामाणिक वाटते.

समोरच्या बाजूचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. कधीकधी जवळ जाताच येत नाही. मोठ्या मंडईत गर्दी उसळते, आयोजक पुढे सोडत नाहीत, कधी पोलीस बंदोबस्त असतो. अशा वेळी पन्नासने काढलेल्या फोटोत नट अंगठ्याएवढा दिसतो आणि कातरून मोठा केला तर मिळवलेला सगळा उजेड वाया जातो. तिथे ८५ एफ १.८ घ्या. त्याहूनही लांब असाल आणि ऐपत असेल तर ७०-२०० एफ २.८. जुन्या १.८ लेन्सा पूर्ण उघड्या ठेवल्या की थोड्या मऊ पडतात आणि निळ्या एलईडीपुढे कडांना जांभळी झाक येते, हेही खरं; एफ २.२ केलं की बरीचशी जाते. पण यातली एकही सवलत एफ ६.३ पर्यंत पोचत नाही.

धुळीचं आणि दवाचंही बघायला हवं. धान निघालेल्या बांधीत मांडव असतो, लोकांच्या पायांनी माती उडत राहते, आणि पौषात पहाटे दोननंतर दव असं पडतं की पुढची काच ओली होते. मैदानात लेन्स बदलत बसू नये. एक कॅमेरा, त्यावर एक प्राइम म्हणजे झूम नसलेली लेन्स, पुढे हूड, खिशात सुती रुमाल. दुसरी बॉडी कुणाची उसनी मिळाली तर तिच्यावर ३५ लावून वादकांसाठी ठेवावी. ऑर्गनवाल्याचे हात आणि पेडलवरचे पाय एका चौकटीत हवे असतील तर ३५ शिवाय इलाज नाही, आणि झाडीपट्टीचं नाटक रात्रभर तोलून धरणाऱ्या या वादकांचे धड फोटो मला फार थोडे दिसले आहेत. मागे उभ्या असलेल्या लांब लेन्सला ते दिसतच नाहीत, कारण ते खाली बसलेले असतात आणि मध्ये प्रेक्षकांची डोकी असतात.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग केलेला हा नट. त्या पाच हजार रात्रींपैकी किती रात्रींचा चांगला फोटो आज हाताशी आहे, हा प्रश्न या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक कॅमेरावाल्याने स्वतःला विचारावा. त्यांच्याबरोबरीने रंगमंचावर उभ्या राहिलेल्या, कुठलाही पुरस्कार न मिळालेल्या शेकडो बाया-पुरुषांबद्दलही विचारावा. ताडोबातल्या एकेका वाघिणीचे तिच्या बछड्यांसकट हजारो फोटो आहेत आणि लोक तिला नावाने ओळखतात. वडसातल्या मंडळात आयुष्य घालवलेल्या नटीचा मुलगा आईचा रंगमंचावरचा एक फोटो मागायला येतो, तेव्हा त्याला द्यायला आपल्याकडे पोस्टरवरचा कातरलेला चेहरा असतो, नाहीतर डीनॉइज केलेला, आठ्या पुसलेला, तिचा नसलेला.